होहोबा : वाळवंटी झुडुपाची जीवनरीत आणि कोरडवाहू गावांसाठी तिचा बोध

कमी पावसाच्या प्रदेशात कोणते झाड लावावे, हा प्रश्न ग्रामपंचायतींपुढे वारंवार येतो. गावाची पडीक जमीन, माळरान, शाळेचे आवार, पाझर तलावाच्या वरच्या बाजूचे उतार अशा अनेक जागा वृक्षारोपणाची वाट पाहत असतात. अशा वेळी दूरदेशीच्या एखाद्या झाडाचे नाव कानावर येते. त्याला पाणी लागत नाही, निगा लागत नाही, जमीन कशीही चालते आणि उत्पन्न मात्र भरघोस मिळते, असे त्याचे वर्णन केले जाते. होहोबा हे अशा नावांपैकीच एक होय. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे त्याला ‘जोजोबा’ असेही म्हणतात. परंतु हे नाव स्पॅनिश भाषेतून आले असल्याने त्याचा योग्य उच्चार ‘होहोबा’ असा आहे.

होहोबाविषयी जे चांगले सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग खरा आहे. हे झुडूप वाळवंटात शंभराहून अधिक वर्षे जगते, त्याच्या बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मे मौल्यवान तेल असते आणि त्या तेलाला जगभर मागणी आहे. तथापि झाड तगणे ही एक गोष्ट आहे आणि ते पिकणे ही दुसरी. या दोन गोष्टींतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे या पिकाच्या मायदेशातच अनेकांचे नुकसान झाले. यास्तव हे झुडूप कसे वाढते, केव्हा फुलते आणि कशाच्या आधारे फळते, याचा अभ्यास करणे हे ते लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मूळ प्रदेश आणि नाव

होहोबाचे मूळ घर म्हणजे उत्तर अमेरिकेतील सोनोराचे वाळवंट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना व कॅलिफोर्निया या राज्यांचा दक्षिण भाग, मेक्सिकोतील सोनोरा राज्य आणि बाहा कॅलिफोर्नियाचे द्वीपकल्प एवढ्या प्रदेशात ते नैसर्गिकरीत्या वाढते. डोंगरउतार, खडकाळ टेकड्या आणि पावसाळी ओढ्यांचे वाळूमिश्रित काठ ही त्याची आवडीची ठिकाणे होत. जेथे पाणी साचून राहते, अशा सखल जागी ते सहसा आढळत नाही.

तेथील मूळ रहिवासी असलेल्या ओओधम लोकांच्या भाषेत या झुडुपाला ‘होहोवी’ असे म्हणतात. त्यावरूनच पुढे स्पॅनिश नाव रूढ झाले. या लोकांना बियांचे गुण फार पूर्वीपासून ठाऊक होते. बिया वाटून केलेला लेप ते भाजलेल्या जागी, जखमांवर व केसांना लावीत असत.

शास्त्रीय नावाची कथा मात्र विलक्षण आहे. १८२२ मध्ये लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने या झुडुपाचे वर्णन केले, तेव्हा त्याचा नमुना चीनमधून आला आहे असा त्याचा समज झाला होता. त्याने नावात ‘चायनेन्सिस’, म्हणजे ‘चीनमधील’, हा शब्द योजला. १८४४ मध्ये नटाल या शास्त्रज्ञाने याच झुडुपाला सिमंड्स नावाच्या निसर्ग-अभ्यासकाच्या स्मरणार्थ ‘सिमॉण्ड्सिया’ हे प्रजातिनाम दिले. वनस्पतींच्या नामकरणात आधीच्या नावाला अग्रक्रम देण्याचा नियम असल्याने अखेर ‘सिमॉण्ड्सिया चायनेन्सिस’ हे जोडनाव कायम झाले. परिणामी, चीनशी काडीचाही संबंध नसलेले हे अमेरिकी झुडूप शास्त्रीय ग्रंथांत आजही चीनचे नाव मिरवीत आहे.

पान, खोड आणि मूळ

होहोबाचे झुडूप साधारणतः १ ते २ मीटर उंच होते. अनुकूल जागी ते ३ मीटरपर्यंतही जाते. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटत असल्याने त्याला एक खोड असे नसते. ते सदाहरित आहे. भर उन्हाळ्यातही त्याची पाने गळून पडत नाहीत. पाण्याची टंचाई आली की पाने टाकून विश्रांती घेणाऱ्या झाडांपेक्षा त्याची रीत निराळी आहे.

ही रीत समजून घेण्यासाठी त्याच्या पानाकडे पाहावे लागते. पान लहान, जाड, चामड्यासारखे चिवट आणि राखट हिरव्या रंगाचे असते. त्यावर मेणासारख्या द्रव्याचा जाड लेप असतो, त्यामुळे पानातील पाण्याची वाफ सहजासहजी बाहेर जात नाही. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात आणि ती आडवी न पसरता उभी राहतात. सकाळच्या व सायंकाळच्या कोवळ्या उन्हात पानाचा पूर्ण पृष्ठभाग सूर्याकडे असतो. माध्यान्ही सूर्य डोक्यावर आला की किरण पानाच्या केवळ कडेवर पडतात. पान कमी तापते आणि पाणीही कमी खर्च होते. एखाद्या काटकसरी गृहिणीने जेथे खर्च अपरिहार्य तेथेच हात सैल सोडावा, तसा हा व्यवहार आहे.

जमिनीखालची व्यवस्थाही अशीच दूरदर्शी आहे. बी रुजल्यावर कोंब जमिनीवर दिसू लागण्यापूर्वीच सोटमूळ बरेच खोल गेलेले असते. आरंभीची काही वर्षे झुडूप वरून अगदी सावकाश वाढते. पाहणाऱ्यास वाटते की रोप खुंटले आहे. प्रत्यक्षात त्याची सारी शक्ती मुळांकडे लागलेली असते. मोठ्या झुडुपांची मुळे १० मीटरपर्यंत खोल गेल्याचे आढळले आहे. वरचा थर कोरडा पडल्यावरही खोलवरचा ओलावा त्याला मिळतो तो यामुळेच.

वर्षाकाठी सुमारे ७५ ते ४५० मिलिमीटर एवढ्या अल्प पावसाच्या टापूत होहोबा नैसर्गिकरीत्या आढळतो. ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान तो सहन करतो. थोड्याफार खारट जमिनीतही तो तग धरतो. परंतु त्याच्या सोशिकतेला दोन स्पष्ट मर्यादा आहेत. पहिली म्हणजे कडाक्याचे हिमतुषार. तापमान शून्याखाली बरेच उतरले की कोवळी रोपे व फुले करपतात. दुसरी म्हणजे पाणी धरून ठेवणारी भारी जमीन. मुळांभोवती पाणी साचले की ती कुजतात आणि जे झुडूप दुष्काळाने मेले नसते, ते पाण्याने मरते.

नर आणि मादी

होहोबाचे नर झुडूप वेगळे आणि मादी झुडूप वेगळे असते. पपईच्या अनेक जातींत आपल्या शेतकऱ्यांना हा अनुभव आहेच. नर झुडुपावर पिवळसर फुलांचे झुबके येतात. मादी फुले हिरवट असून बहुधा एकेकटी व खाली झुकलेली असतात. कोणत्याही फुलाला पाकळ्या नाहीत, सुगंध नाही, मधही नाही. परागण वाऱ्यावर अवलंबून असते. मादी फुलाच्या वरच्या अंगाला असलेली पानांची उभी जोडी वाऱ्याचा झोत वळवून पराग फुलाकडे आणण्यास साहाय्य करते, असे अभ्यासकांना दिसून आले आहे.

बी फक्त मादीलाच येते. बियांपासून रोपे केली तर साधारणतः निम्मी झुडुपे नर निघतात, आणि पहिले फूल येईपर्यंत, म्हणजे सुमारे तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत, कोणते रोप नर व कोणते मादी हे नुसते पाहून ओळखता येत नाही. याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. दोन ओळींत ४ मीटर व दोन झुडुपांत २ मीटर अंतर ठेवल्यास एका हेक्टरात १,२५० झुडुपे बसतात. परागणासाठी दहा झुडुपांमागे एक नर पुरेसा धरला, तर १२५ नर हवेत. बियांपासून केलेल्या लागवडीत मात्र सुमारे ६२५ नर निघतील. म्हणजे जवळजवळ ५०० झुडुपे तीन-चार वर्षे पाणी व खत घेऊन एक बीही देणार नाहीत. शिवाय ज्या मादी निघतील, त्यांतील प्रत्येकीचा गुण वेगळा असेल. काही भरपूर फळतील, काही नाममात्र.

यावर उपाय म्हणजे चांगल्या उत्पन्नाच्या ज्ञात मादी झुडुपाच्या फांदीपासून छाटकलमाने किंवा ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करणे. अशा रोपांचे लिंग व गुण आधीच ठाऊक असतात. ही रोपे बियांच्या रोपांपेक्षा महाग असतात. परंतु ‘स्वस्त रोपे’ म्हणून जी विकली जातात, ती किती महाग पडतात हे वरील हिशेबावरून ध्यानात यावे.

बी आणि त्यातील तेल

फळ म्हणजे एक हिरवी बोंडी असते. पिकल्यावर ती तपकिरी होऊन उकलते आणि बी खाली पडते. बोंडीत बहुधा एक बी असते, क्वचित दोन-तीन. परागणापासून बी तयार होण्यास तीन ते सहा महिने लागतात. पहिले थोडे उत्पन्न चौथ्या-पाचव्या वर्षी मिळते आणि पूर्ण भराचे उत्पन्न येण्यास आणखी काही वर्षे जावी लागतात.

बियांपासून निघणाऱ्या द्रवाला व्यवहारात तेल म्हणत असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तेल नव्हे. शेंगदाणा, करडई, तीळ यांच्या तेलांत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. होहोबाच्या द्रवात एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल एवढेच जोडलेले असते. अशा संयुगाला मेण म्हणतात. म्हणजे होहोबाचे तेल हे नेहमीच्या तापमानाला पातळ राहणारे मेण होय. ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी १९३३ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. बियांत त्याचे प्रमाण सुमारे ४५ ते ५५ टक्के असते. ते लवकर खवट होत नाही, जास्त उष्णतेत टिकते आणि त्वचेला मानवते. सौंदर्यप्रसाधने, मलमे आणि यंत्रांची वंगणे यांत त्याचा उपयोग होतो तो या गुणांमुळे.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. हे खाद्यतेल नव्हे. मानवी पचनसंस्थेला या मेणाचे पचन करता येत नाही. तसेच तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत प्रथिने भरपूर असली, तरी तीत ‘सिमॉण्ड्सिन’ नावाचे द्रव्य असते आणि ते खाणाऱ्या जनावरांची भूक मारते. शेंगदाण्याची वा सरकीची पेंड जशी दावणीत टाकतात, तशी ही पेंड टाकता येत नाही. तेलबियांच्या पिकात पेंडीचे उत्पन्न धरून हिशेब करण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही.

देवमाशामुळे आलेले महत्त्व

१९३३ च्या शोधाकडे प्रारंभी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण तशाच गुणांचे तेल समुद्रातून स्वस्तात मिळत होते. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून व चरबीतून निघणारे तेल हेही बव्हंशी द्रवरूप मेणच असते. यंत्रांच्या दंतचक्रांसाठी ते उत्तम वंगण समजले जाई. बेसुमार शिकारीमुळे या देवमाशांची संख्या घटत गेली. १९७० मध्ये अमेरिकेने या जातीचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला आणि तेथे या तेलाच्या आयातीचा मार्ग बंद झाला. पुढे १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार स्थगित ठेवण्याचा निर्णय घेतला.

समुद्रातील प्राण्याला मिळालेल्या या संरक्षणामुळे वाळवंटातील झुडुपाचे भाग्य उजळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७५ मध्ये शुष्क प्रदेशांसाठी आशादायक नवे पीक म्हणून होहोबावर अहवाल प्रसिद्ध केला. वाळवंटातील आदिवासी वस्त्यांना यापासून रोजगार मिळेल, पडीक जमिनी कामी येतील आणि देवमाशांचेही रक्षण होईल, असा तिहेरी लाभ त्यात दिसत होता. उद्दिष्ट निःसंशय चांगले होते.

लाटेचा अनुभव

१९७५ नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हजारो हेक्टरांवर होहोबा लावला गेला. लावणाऱ्यांत शेतकऱ्यांपेक्षा कर-सवलतीकडे पाहून पैसा गुंतवणाऱ्यांचा भरणा अधिक होता. झुडूप वाळवंटी आहे, तेव्हा जमीन कोणतीही चालेल आणि पाणी नसले तरी भागेल, अशी समजूत सर्वत्र पसरली होती. लागवड मुख्यतः निवड न केलेल्या रानटी बियांपासून झाली. त्यातील निम्मी झुडुपे नर निघाली. अनेक मळे थंडीच्या खोलगट पट्ट्यात होते. तेथे हिमतुषारांनी फुले करपली. झुडुपे बहुतेक ठिकाणी जगली, परंतु बी इतके कमी आले की वेचणीचा खर्चही निघेना. अनेक मळे सोडून देण्यात आले.

दोष झुडुपाचा नव्हता. रानात एखाद्या झुडुपाने चांगल्या पावसाच्या वर्षी पसाभर बी दिले आणि पुढची दोन वर्षे काहीच दिले नाही, तरी त्याचे काही बिघडत नाही. शंभर वर्षांच्या आयुष्यात वंश चालू ठेवण्यास तेवढे पुरते. शेतकऱ्याला मात्र दरवर्षी पीक हवे असते. झाडाची गरज आणि शेतकऱ्याची गरज यांत जे अंतर आहे, ते पाण्याने, निवडक वाणाने व निगेने भरून काढावे लागते.

हे ज्यांनी ओळखले त्यांचे पीक टिकले. इस्रायलमध्ये नेगेव्हच्या वाळवंटात अनेक वर्षे चाचण्या घेऊन भरपूर फळणारी मादी झुडुपे निवडण्यात आली, त्यांची कलमे करण्यात आली आणि ठिबक सिंचनावर मळे उभे करण्यात आले. अर्जेंटिनातील शुष्क भागातही पाणी देऊनच हे पीक घेतले जाते. ‘बिनपाण्याचे पीक’ ही जी ख्याती आहे, ती व्यापारी लागवडीच्या बाबतीत खरी ठरलेली नाही. कमी पाण्याचे पीक असे म्हणणे अधिक योग्य होईल.

भारतातील प्रयोग

भारतात होहोबा १९६५ च्या सुमारास आला. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने त्याच्या चाचण्या घेतल्या. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनेही समुद्रकाठच्या खारट व रेताड जमिनींच्या दृष्टीने त्यावर काम केले. १९९५ नंतर राजस्थानात इस्रायली तंत्रज्ञांच्या सहकार्याने या पिकाचा स्वतंत्र प्रकल्प हाती घेण्यात आला. शेखावाटीतील फतेहपूर येथे आणि जयपूर जिल्ह्यात त्यासाठी प्रक्षेत्रे उभारण्यात आली.

राजस्थानची निवड सकारण होती. तेथील जमीन रेताड, पाण्याचा निचरा उत्तम आणि हिवाळा चांगलाच थंड. होहोबाच्या फुलकळ्या उबदार दिवसांत नव्या फुटीवर तयार होतात, परंतु लगेच उमलत नाहीत. त्या निद्रिस्त राहतात. हिवाळ्याची थंडी व जमिनीतील ओलावा या दोन्ही गोष्टी मिळाल्या की त्यांची झोप मोडते. थंडी पडलीच नाही, तर झुडूप हिरवेगार राहूनही फुलत नाही. याउलट थंडी फार झाली, तर उमललेली फुले जळतात. या दोहोंमधील अरुंद वाट ज्या हवामानात सापडते, तेथेच पीक येते.

आपल्या पावसाचे पंचांग

आता महाराष्ट्राच्या दृष्टीने विचार करू. सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांतील अनेक तालुक्यांत वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडाच पाहिला तर होहोबाला तो पुरेसा, किंबहुना अधिकच वाटेल. परंतु पाऊस किती पडतो याबरोबरच तो केव्हा पडतो, हेही पाहावे लागते.

सोनोराच्या वाळवंटात पाऊस वर्षातून दोनदा येतो. एक सरींचा हंगाम हिवाळ्यात आणि दुसरा ऐन उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. हिवाळी पावसाच्या ओलीवर होहोबाच्या कळ्या उमलतात आणि त्याच ओलीवर बी भरू लागते. आपला पाऊस जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत संपतो. होहोबा फुलतो हिवाळ्यात आणि त्याचे बी भरते उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे त्याला पाण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हा आपल्या कोरडवाहू शिवारातील ओल संपलेली असते, विहिरी तळ गाठू लागलेल्या असतात आणि गावात पिण्याच्या पाण्याच्या टँकरची मागणी सुरू झालेली असते. त्या वेळी या झुडुपाला पाणी देता आले नाही तर ते मरणार नाही. पण फळणारही नाही.

याच्या शेजारी आपली बोर ठेवून पाहावी. बोर चैत्र-वैशाखात पाने झाडून स्वस्थ बसते. पाऊस येताच नवी फूट धरते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते आणि हिवाळ्यात फळे देते. फळ भरताना तिला जमिनीतील मुरलेली ओल मिळते. सीताफळही उन्हाळ्यात पाने गाळते आणि पावसावर आपले फळ पोसते. या झाडांचे पंचांग आपल्या पावसाच्या पंचांगाशी जुळलेले आहे. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राबविण्यात आला, तेव्हा कोरडवाहू भागात बोर, सीताफळ, आवळा यांसारख्या झाडांना स्थान मिळाले, त्यामागील शास्त्र हेच होय.

जमिनीचा प्रश्नही असाच आहे. मुरमाड, हलक्या व उताराच्या जमिनीत होहोबाला निचरा मिळेल. काळ्या भारी जमिनीत मात्र पावसाळ्याचे चार महिने मुळांभोवती पाणी राहील. थंडीच्या बाबतीतही सावधगिरी हवी. सोनोराचे वाळवंट साधारणतः २५ ते ३४ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. महाराष्ट्र त्याच्या पुष्कळच दक्षिणेस आहे. आपल्याकडील हिवाळा कळ्यांची झोप मोडण्याइतका थंड असतो की नाही, हे प्रत्येक ठिकाणी चाचणी घेऊनच ठरवावे लागेल.

याचा अर्थ होहोबा महाराष्ट्रात लावूच नये असा नाही. हलकी जमीन, थोडे पण खात्रीचे पाणी, कलमी रोपे आणि पाच वर्षे थांबण्याची तयारी असलेल्या शेतकऱ्याने कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने थोड्या क्षेत्रावर प्रयोग अवश्य करावा. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, अशा अल्पभूधारकाला किंवा गावाच्या सामाईक जमिनीसाठी त्याची सरसकट शिफारस करणे मात्र योग्य होणार नाही.

गायरानाचा विचार

सामाईक जमिनीच्या संदर्भात आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. होहोबाचा पाला शेळ्यामेंढ्या व गुरे आवडीने खातात. रोपे आरंभी सावकाश वाढत असल्याने निदान पहिली काही वर्षे कुंपण घालून चराई बंद करावी लागते. गायरानावर अशी लागवड करणे म्हणजे ते गायरान तेवढी वर्षे मेंढपाळांना व भूमिहीन पशुपालकांना बंद करणे होय. कागदावर ज्या जमिनीची नोंद ‘पडीक’ अशी असते, ती प्रत्यक्षात कोणाच्या तरी शेळ्यांची वैरण असते, तेथूनच कोणी सरपण आणते, कोणी तरवडाची फुले वा नेपतीची फळे वेचते. नव्या झाडाचा लाभ पाच वर्षांनी कोणाला मिळेल आणि आजची चराई कोणाची बुडेल, या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत स्पष्टपणे मांडली गेली पाहिजेत.

ग्रामपंचायतींनी विचारावयाचे प्रश्न

होहोबाच नव्हे, तर कोणत्याही नव्या झाडाच्या लागवडीचा प्रस्ताव आला असता सरपंच, सदस्य व ग्रामसेवक यांनी पुढील प्रश्न विचारावेत :

१. हे झाड मूळचे कोठले, तेथे पाऊस किती आणि कोणत्या महिन्यांत पडतो?

२. झाड केव्हा फुलते व फळ केव्हा भरते? त्या महिन्यांत आपल्या गावात पाणी असते काय?

३. झाडाला पाणी देणे आवश्यक आहे की नाही? ‘जगण्यापुरते’ पाणी आणि ‘पिकण्यापुरते’ पाणी यांचे आकडे वेगवेगळे मिळतील काय?

४. रोपे बियांपासूनची की कलमी? नर-मादी झाडे वेगळी असल्यास त्यांचे प्रमाण कसे राखले जाईल?

५. पहिले उत्पन्न कितव्या वर्षी येईल आणि तोवरचा खर्च कोण करील?

६. माल कोण घेणार, जवळचा खरेदीदार कोठे आहे आणि त्याने भाव लेखी दिला आहे काय?

७. आपल्यासारख्याच जमिनीत व हवामानात या झाडाचा दहा वर्षांचा मळा कोठे पाहावयास मिळेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन वर्षांचा हिरवागार मळा दाखवणे सोपे असते, कारण तगणाऱ्या झाडाला दोन वर्षे हिरवे राहणे अवघड नाही. दहा वर्षांचा मळा आणि त्याच्या उत्पन्नाची वही या दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय सामाईक जमिनीविषयी निर्णय घेऊ नये.

शाळांसाठी दोन उपक्रम

या विषयाचा अभ्यास शाळेच्या आवारातही करता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुढील दोन उपक्रम करून घ्यावेत.

पहिला उपक्रम पानांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. साधारण सारख्या आकाराच्या दोन फांद्या निवडाव्यात. एक जास्वंदीसारख्या मऊ, रुंद पानांच्या झाडाची व दुसरी कण्हेरीसारख्या जाड, चिवट पानांच्या झाडाची. सकाळी प्रत्येक फांदीवर पारदर्शक पिशवी घालून तोंड घट्ट बांधावे. दुपारी दोन्ही पिशव्यांत जमलेले पाणी मोजावे. दोन्ही फांद्यांवरील पानांची संख्या व आकार यांचीही नोंद ठेवावी, म्हणजे तुलना न्याय्य होईल. पानाची घडण आणि पाण्याचा खर्च यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येईल.

दुसरा उपक्रम वर्षभराचा आहे. गावातील बोर, सीताफळ, तरवड, हिवर, कडुनिंब अशी पाच झाडे निवडून दर पंधरवड्याला नोंद करावी : नवी पालवी केव्हा आली, पाने केव्हा गळली, फूल व फळ केव्हा आले. त्याच वहीत गावच्या वा जवळच्या पर्जन्यमापकावरील पावसाचे आकडे लिहावेत. वर्षाअखेरीस भिंतीवर मोठा तक्ता करून लावावा. वरच्या ओळीत पाऊस, खालच्या ओळींत झाडे. कोणते झाड पावसाच्या कोणत्या टप्प्यावर फळते, हे त्या तक्त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळेल. अशी वही सलग तीन-चार वर्षे ठेवली, तर ती केवळ विद्यार्थ्यांचा प्रकल्प राहणार नाही; वृक्षारोपणाचा निर्णय घेताना ग्रामपंचायतीलाही तिचा आधार घेता येईल.

समारोप

सोनोराच्या वाळवंटात होहोबाने जे साधले आहे, ते असामान्य आहे. पान उभे धरून ऊन चुकवणे, वर वाढण्याआधी खाली मुळे पाठवणे, कळ्या तयार ठेवून ओलाव्याची वाट पाहणे या सर्व गोष्टी त्याने त्या भूमीच्या ऋतूंशी जुळवून घेतल्या आहेत. नेमक्या त्याच कारणाने ते झुडूप उचलून दुसऱ्या ऋतुचक्रात लावले की त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. आपल्या माळावरची बोर, सीताफळ, तरवड आणि नेपती यांनीही आपापला हिशेब आपल्या पावसाशी असाच जुळवलेला आहे, आणि त्याचा बराचसा भाग अजून कोणी लिहून ठेवलेला नाही. नव्या झाडाची चौकशी करताना या जुन्या झाडांचीही तेवढ्याच आस्थेने नोंद झाली, तर पडीक जमिनीवर काय लावावे या प्रश्नाचे उत्तर शोधणे प्रत्येक गावाला पुष्कळ सोपे जाईल.